वावर जंगलाला लागून आहे? नियम कडक होण्याआधी हे कागद हातात घ्या

देवलापारच्या पुढे, डोंगराच्या उतारावर माझ्या मामाचं साडेतीन एकर वावर आहे. त्यातलं दोन एकर सातबाऱ्यावर आहे आणि दीड एकर आजोबांनी झुडपं साफ करून, दगड वेचून वाहितीत आणलेलं, त्याचा कागद काहीच नव्हता. मी नागपुरात नोकरी करतो पण गेल्या काही वर्षांत माझे अर्धे रविवार या दीड एकरामागे गेलेत, कधी पटवाऱ्याकडे, कधी वनविभागाच्या ऑफिसात, कधी ग्रामसभेत, आणि हे करता करता एक गोष्ट पक्की कळली की जंगलाचा, वाघाचा, पर्यावरणाचा कुठलाही नियम कडक झाला की सगळ्यात पहिले तोच कास्तकार अडकतो ज्याच्याजवळ कागद नाही. रिसॉर्टवाल्याजवळ वकील असतो. डोंगरावरच्या दोन-तीन एकरवाल्याजवळ फक्त वहिवाट असते, आणि तोंडी वहिवाट टेबलावर ठेवता येत नाही.

जंगल राहिलं पाहिजे असं मलाही मनापासून वाटतं आणि मामालाही वाटतं, वरच्या अंगाची झाडं गेली तेव्हापासून विहीर कशी लवकर आटायला लागली हे त्यानी डोळ्यानी पाहिलंय. पण जंगल वाचवायचा सगळा भार त्याच्याच डोक्यावर काहून? तर जे आम्ही धडपडत शिकलो ते इथे लिहून ठेवतो, कुणाच्या तरी दोन चकरा वाचतील.

पहिले रेषा ओळखा

गावात कुणालाही विचारा, "आमचं वावर फॉरेस्टात गेलं" असंच म्हणतात. पण यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि चारींचा इलाज वेगळा आहे. तुमची स्वतःच्या मालकीची जमीन बफरमध्ये (व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतालचा पट्टा) किंवा इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये (संरक्षित जंगलाभोवती जिथे काही कामांवर बंधनं असतात तो पट्टा) येत असेल, तर मालकी तुमचीच राहते, फक्त काही कामांना परवानगी लागते. तुम्ही वाहता ती जमीन राखीव किंवा संरक्षित वनाची असेल, तर वनहक्काचा दावा हाच रस्ता. जमीन महसुली दप्तरात झुडपी जंगल म्हणून लिहिलेली असेल तर ते आपल्या पूर्व विदर्भाचं खास दुखणं आहे, त्यावर खाली सांगतो. आणि चौथं म्हणजे जमीन तुमचीच, कागदही तुमचाच, पण बाजूच्या जंगलातलं जनावर येऊन पीक खातं.

यातलं तुमचं कोणतं हे कळायला अर्धा दिवस पुरतो. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन निघतो, तो काढा आणि फक्त नावाचा रकाना पाहून ठेवून देऊ नका, इतर हक्काचा रकाना पाहा, जमिनीचा प्रकार काय लिहिलाय ते पाहा. मग महाभूनकाशा या सरकारी साइटवर गट नंबर टाकून नकाशा काढा. तो प्रिंट हातात घेऊन मोबाइलचं जीपीएस चालू करून धुऱ्याधुऱ्याने एक पूर्ण चक्कर मारा आणि प्रत्येक कोपऱ्यावर फोटो घ्या. शेवटी वनविभागाच्या बीट गार्डला भेटून विचारा की बाजूच्या जंगलाचा कक्ष क्रमांक कोणता आणि त्याची हद्द कुठून जाते. आम्ही असं फिरलो तेव्हा कळलं की मामा ज्याला "फॉरेस्टचा तुकडा" म्हणत होता त्यातला पाव एकराच्या आसपास भाग नकाशाप्रमाणे त्याच्याच गटात पडतो, म्हणजे इतकी वर्षं तो स्वतःच्याच जमिनीवर घाबरून नांगर चालवत होता. पक्कं ठरवायचं तर सरकारी मोजणीच लागते, मोबाइलवर दहा-पंधरा फुटांचा फरक सहज पडतो, पण कुठे भांडायचं आणि कुठे नाही हे या एका चकरेत कळतं.

झुडपी जंगल लिहिलं असेल तर

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही भानगड आहे. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातली ही नोंद, ज्या पडीत जमिनीवर झुडपंच होती ती झुडपी जंगल. पुढे त्यातल्याच जमिनी सरकारनी लोकांना वाटल्या, त्यावर शाळा झाल्या, घरं झाली, स्मशानं झाली, शेती झाली. मग १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानी गोदावर्मन प्रकरणात सांगितलं की दप्तरात जंगल लिहिलं असेल तर ते जंगलच, मालकी कुणाचीही असो, आणि त्या दिवसापासून या सगळ्या जमिनी अधांतरी लटकल्या. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. त्यात झुडपी जंगल हे वनच आहे असं पक्कं झालं, पण सोबत हेही सांगितलं की १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्यांनी केलेलं वाटप राज्यानी केंद्राकडे प्रस्ताव पाठवून नियमित करून घ्यावं. नंतरच्या वाटपाबद्दल कोर्ट फार कडक आहे, ते कोणी आणि का केलं याचा जाब अधिकाऱ्यांना द्यावा लागणार.

म्हणून तुमच्यासाठी सगळा खेळ एका तारखेचा आहे. घरात पट्ट्याचा, वाटपाचा आदेश असेल तर त्याच्यावरची तारीख पाहा. कागद फाटला असेल, वाळवीनी खाल्ला असेल, तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नक्कल काढा, जुने फेरफार काढा. आणि तुमचा गट प्रस्तावाच्या यादीत आहे की नाही हे तोंडी विचारू नका, माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. यादीत नाव नसेल तर आताच कळलेलं बरं.

बफर आणि इको सेन्सिटिव्ह झोन: घाबरून जमीन विकू नका

हे मी मोठ्यानी सांगतो कारण पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आजूबाजूच्या गावांत हेच पाहिलं. झोन येणार अशी हवा सुटते, कोणीतरी गाडीतून येतं, म्हणतं की दादा आता इथे काहीच करता येणार नाही, शेतीही बंद होणार, आत्ताच देऊन टाका. आणि लोक देतात! शेती बंद होत नाही हो. या झोनच्या अधिसूचनांमध्ये तीन याद्या असतात. बंदी असलेल्या कामांत खाणी, गिट्टीचे क्रशर, प्रदूषण करणारे कारखाने, नवीन आरामशीन असं येतं. नियंत्रित कामांत हॉटेल-रिसॉर्ट, झाडतोड, व्यापारी कामासाठी भूजल उपसा वगैरे. स्थानिक लोकांची चालू शेती, बागायत, दूधधंदा यांना परवानगी असते आणि सेंद्रिय शेती, पावसाचं पाणी साठवणं याला तर प्रोत्साहन द्या असं लिहिलेलं असतं. बफरचंही तसंच, वन्यजीव कायद्याच्या कलम ३८-व्ही मध्ये स्पष्ट आहे की बफरमध्ये स्थानिकांचे उपजीविकेचे हक्क मानून माणूस आणि प्राणी सोबत राहतील असं पाहायचं.

अडचण कुठे येते तर शेतजमिनीचं एनए, म्हणजे बिगरशेती करताना. रहिवाशांच्या स्वतःच्या घराच्या गरजेसाठी झोनच्या देखरेख समितीच्या शिफारशीनी वाट असते, बाकी व्यापारी वापरासाठी दार जवळपास बंद. त्यामुळे कोणी "तुमच्या वावरात टेंट लावू, तुम्ही फक्त सही करा" म्हणत असेल तर सही करू नका, नोटीस आली तर ती सातबाऱ्यावरच्या नावाला येते. आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या ३६-अ प्रमाणे आधी परवानगी लागते, तिच्याशिवाय घेतलेला इसार दोघांनाही बुडवतो.

संरक्षित जंगलांभोवती सगळीकडे किमान एक किलोमीटरचा झोन हवा, हा सुप्रीम कोर्टाचा ३ जून २०२२ चा आदेश होता, तो २६ एप्रिल २०२३ ला कोर्टानीच शिथिल केला. आता जागेजागेप्रमाणे हद्द ठरते, म्हणजे मसुदा येईल तेव्हा तुमचं म्हणणं मोजलं जाऊ शकतं. मसुदा राजपत्रात आला की हरकतीला साठ दिवस मिळतात. हे साठ दिवस आमच्या गावात एकदा कुणाला कळलेच नाहीत, मसुदा इंग्रजीत होता आणि शहरात होता. ग्रामसेवकाला सांगून ठेवा, तालुक्याला कोणी ओळखीचं असेल त्याला सांगून ठेवा. हरकत लिहिताना "आमच्यावर अन्याय होतोय" एवढंच लिहून भागत नाही. गट नंबर लिहा, ढोरांची पाण्याची बोडी कुठे आहे, पांधण कुठून जाते, रात्री ओलिताला कोणत्या रस्त्यानी जावं लागतं ते लिहा, आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. कुठे पाठवायचं तो पत्ता मसुद्यातच असतो.

वनहक्काचा दावा

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त कास्तकार इथेच हरतात आणि बऱ्याच वेळा हक्क असूनही हरतात.

वनहक्क कायदा २००६ चा. तारीख लक्षात ठेवायची १३ डिसेंबर २००५, त्या दिवशी जमीन तुमच्या कब्जात असली पाहिजे. जास्तीत जास्त चार हेक्टर मिळते, जेवढी प्रत्यक्ष वाहता तेवढीच. अनुसूचित जमातीचे असाल तर एवढं पुरतं. आमच्यासारखे इतर पारंपरिक वननिवासी असाल तर तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं तिथे राहत असल्याचं आणि जंगलावर जगत असल्याचं दाखवावं लागतं. इथे एक मोठा गैरसमज आहे, ऑफिसातसुद्धा आहे: तोच जमिनीचा तुकडा पंचाहत्तर वर्षं वाहिला पाहिजे असं नाही, रहिवास पंचाहत्तर वर्षांचा हवा. आदिवासी विकास मंत्रालयानीच हे स्पष्ट केलंय. आम्हाला हे उशिरा कळलं आणि तोपर्यंत मामाचा दावा "पुरावा अपुरा" म्हणून परत आला होता.

पुरावा म्हणजे काय ते या कायद्याच्या नियमांतल्या नियम १३ मध्ये आहे, आणि एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. मतदार यादी, रेशन कार्ड, घरटॅक्सच्या पावत्या चालतात. वावरातली विहीर, बांध, धुरा, जुनी घरं, मसणवट हेही पुरावेच. वंशावळ चालते. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो, फक्त तो दावेदार स्वतः नको. अमुकच कागद आणा असा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही. सॅटेलाइटचा फोटो जोडीला वापरता येतो, बाकी पुराव्यांच्या जागी नाही. विदर्भात आणखी एक सोन्यासारखा कागद असतो, निस्तार पत्रक, गावाला चराईचा, सरपणाचा, बांबूचा कोणता हक्क होता ते त्यात लिहिलेलं असतं. सामूहिक हक्कासाठी तर हा पहिले काढा.

आमचा सगळ्यात भारी पुरावा आजीच्या पत्र्याच्या पेटीत निघाला. लुगड्याच्या खाली प्लास्टिकच्या थैलीत घडी केलेली, कडा पिवळ्या पडलेली फॉरेस्टच्या दंडाची पावती, जंगलजमीन नांगरली म्हणून आजोबांना झालेला दंड, त्यावर त्यांचं नाव, गावाचं नाव, तारीख. आजी ती पावती लाजेनी लपवून ठेवत होती, घरात कधी कोणाला दाखवली नाही, आणि तीच पावती सांगते की त्या वर्षी ही जमीन आजोबाच वाहत होते. तुमच्याही घरात असेल. म्हाताऱ्या माणसांना प्रेमानी विचारा, रागावू नका.

आता रीत. वैयक्तिक दाव्याला नमुना अ, सामूहिक हक्काला नमुना ब, गावाच्या सामूहिक वनसंसाधनाला, म्हणजे गावानी सांभाळायच्या जंगलाला, नमुना क. दावा गावाच्या वनहक्क समितीकडे द्यायचा आणि पोच घ्यायची, पोच घेतल्याशिवाय उठायचंच नाही. मग समिती जागेवर येऊन पडताळणी करते, तेव्हा वन आणि महसूलच्या लोकांनी हजर राहून सही करायची असते. ते आले नाहीत आणि नंतर "आम्ही नव्हतो" म्हणून हरकत घेतली तर दावा एकदा फेरपडताळणीला परत येतो, आणि दुसऱ्यांदाही नाही आले तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरतात. म्हणून त्यांना लेखी कळवल्याची प्रत सांभाळा. त्यानंतर ग्रामसभेचा ठराव, आणि इथे कोरम! निम्मे सदस्य हवे, हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया हव्या, आणि दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे तरी हजर हवे. पेरणीच्या दिवसांत सभा ठेवली की कोरम भरत नाही आणि मग वर ठराव परत येतो. आमच्या गावात सभा संध्याकाळी साताला ठेवली, बचत गटाच्या बायांनी घरोघरी जाऊन बोलावलं, तेव्हा कुठे भरली.

ग्रामसभेनंतर उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि तुम्हाला प्रत्यक्ष कळवावं लागतं. मामाला एका ऑफिसात फक्त तोंडी सांगितलं की झालं तुमचं नामंजूर, जा आता. तो बिचारा घरी आला आणि दोन महिने कोणाला बोललाही नाही. अपिलाची मुदत साठ दिवसांची असते हो! ती निर्णय कळल्यापासून मोजतात आणि कारण असेल तर आणखी तीस दिवस वाढू शकतात. आम्ही लेखी आदेश मागितला, तो हातात आल्यावर अपील टाकलं आणि दावा फेरपडताळणीला परत आला. तुम्हाला तोंडी नकार मिळाला तर त्याच दिवशी अर्ज द्या: "माझ्या दाव्यावरचा निर्णय कारणासहित लेखी द्यावा." एवढं एक वाक्य पुरतं.

आणि दावा चालू असेपर्यंत कोणी उठवायला आलं तर कलम ४(५) दाखवा, पडताळणी पूर्ण होईपर्यंत वननिवासीला जमिनीवरून काढता येत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानी नामंजूर दावेदारांना काढायचा आदेश दिला होता तेव्हा गावात रात्र रात्र झोप नव्हती, पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला कोर्टानीच तो थांबवला.

पट्टा मिळाला तर तो नवरा-बायको दोघांच्या नावानी असतो, वारसांना जातो, विकता येत नाही. मामाच्या शेजारच्या गोंड कुटुंबाला मिळाला आणि त्यावर त्यांचं पीएम किसान सुरू झालं, वर्षाला सहा हजार. ते पैसे बियाण्याच्या वेळी सावकाराकडे जाऊ देत नाहीत, एवढं मी पाहिलंय.

रात्रीत पीक गेलं तर

हरभऱ्यात रानडुकरं शिरली की खातात कमी आणि उकरतात जास्त, रोही (नीलगाय) वरचा शेंडा खातो. जागल करून करून मामाची पाठ गेली. भरपाई मिळते पण तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात कळवावं लागतं, आणि आमच्या लोकांची सवय अशी की सकाळी पहिले वावर सारखं करायला लागतात. हात लावू नका. फोटो घ्या, खुराच्या ठशाजवळ माचिस ठेवून घ्या म्हणजे आकार कळतो, एक फोटो असा घ्या ज्यात विहीर किंवा ओळखीचं झाड दिसेल. पंचनाम्यात किती आर नुकसान लिहिलं ते सहीच्या आधी वाचा. गाय-बैल मारला तर ४८ तासांच्या आत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मढं हलवू नका. कुठे सांगायचं समजत नसेल तर १९२६ हा वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे.

एक कडू गोष्ट: अतिक्रमणाच्या वनजमिनीवरच्या पिकाला भरपाई मिळत नाही. मामाच्या त्या दीड एकरातला हरभरा दोनदा गेला, दोनदा एक रुपया मिळाला नाही. म्हणून पट्टा आधी.

आणि कुंपणात घरचा करंट सोडू नका, पाया पडून सांगतो. वाघ मेला तर कमीत कमी तीन वर्षं जेल आहे, आणि वाघाच्या आधी तुमच्याच घरचं माणूस पहाटे अंधारात त्या तारेला लागतं. सौर कुंपणाला वनविभागाच्या जन-वन योजनेतून अनुदान मिळतं, ग्रामसभेतून मागणी करा.

झाडं, मोहा, बांबू

स्वतःच्या वावरातलं झाड असलं तरी साग, मोहा, आंबा, चिंच, जांभूळ, बीजा, ऐन, हिरडा, खैर यांसारख्या अनुसूचित झाडांना झाडतोडीच्या १९६४ च्या कायद्यानी तोडायची परवानगी लागते, त्याआधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. स्वतःच्या शेतातला बांबू मात्र केंद्रीय वन कायद्यातून झाड म्हणून काढून टाकलाय, बांधावर लावायला याच्याइतकं सोपं काही नाही. मोहफुलं वेचताना झाडाखाली आग लावायची सवय सोडा, १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतात आणि आग जंगलात गेली की केस तुमच्यावर. जुन्या साड्या जोडून झाडाखाली अंथरल्या तर फुलं स्वच्छ मिळतात आणि भावही बरा मिळतो, मामी तेच करते.

गाव एकत्र असेल तर सामूहिक वनहक्क घ्याच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानी २००९ मध्ये घेतला आणि स्वतःचा बांबू स्वतः विकला. मेळघाटाच्या पायथ्याला पायविहीर आहे, २०१२ मध्ये हक्क मिळाला, उजाड टेकडीवर झाडं उभी केली आणि आता सीताफळं विकतात. तिथे चराई, कुऱ्हाड यांचे नियम वनविभागापेक्षाही कडक आहेत, फक्त ते गावानी बसून ठरवलेत, म्हणून ते पाळले जातात.

आमची फेरपडताळणी दिवाळीनंतर आहे. दोन्ही ऑफिसांना लेखी कळवून पोच घेतलीय. परवा गेलो तर मामानी धुऱ्यावरचे कोपऱ्याचे दगड चुन्यानी रंगवून ठेवले होते आणि आजीची पावती लॅमिनेट करू का विचारत होता. करू नको म्हटलं, मूळ कागद तसाच राहू दे, झेरॉक्स काढून त्याच्यावर खरी प्रत म्हणून सही घेऊ.